लिंक असलेला कोणीही

शेजारची भाभी दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या फटीतून आली तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. एरवी ती पुढच्या दारी येते, बाहेरूनच हाक मारते आणि मी "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. त्या शुक्रवारी ती मागून आली, माझ्या धुण्याच्या दोरीखालून वाकून, आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. पायात चपला नव्हत्या. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताला तांदळाचं पीठ लागलेलं होतं.

"मॅडम, फाईल उघडत नाय," ती म्हणाली.

मी ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे आमच्या आळीतल्या यच्चयावत फोनची दुखणी माझ्याकडे येतात. कोणाचा पासवर्ड हरवलेला असतो, कोणाच्या पोराचा फोटो व्हिसाची वेबसाइट घेत नसते. मॅडम जेवल्या का, आज सुट्टी आहे का, असलं काही विचारायची पद्धत नाही. मी आधी चिडते, मग करून देते, आणि आळीला या दोन्हीची सवय झालेली आहे. तेव्हाही मी चिडूनच म्हटलं, "भाभी, भात तरी उतरवू द्या."

"ह्यांना हॉस्पिटलात नेलाय. डॉक्टर फाईल मागतायत. तिकडे उघडत नाय. माझ्याकडे उघडते."

मी गॅस बंद केला.

तिचा नवरा आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवतो. काम शिकला तो इथे जयगडला, आणि हात बसल्यावर तिकडे गेला. सुट्टीवर आला की आळीत सगळ्यांना खजूर वाटतो, मला एक पाकीट जास्त देतो, कारण त्याच्या धाकट्या बहिणीला मी शिकवलं होतं. माणूस गोड, पण मनातलं बाहेर काढणारा नव्हे. मागच्या सुट्टीत तो आणि भाभी अचानक कोल्हापूरला जाऊन आले तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की पित्ताचा त्रास आहे. मीच त्याला कोकमाचं आगळ नेऊन दिलं होतं आणि त्याने ते हसत घेतलंही होतं.

पित्त नव्हतंच. हृदयाची नळी अडली होती आणि कोल्हापूरला तिच्यात स्टेंट बसवला होता. हे मला त्या दुपारी कळलं, तेही तुकड्यातुकड्याने, भाभी फोन उघडता उघडता सांगत गेली तसं. कंपनीला सांगितलं असतं तर क्रेनवरून कायमचं उतरवलं असतं, म्हणून सांगितलं नव्हतं. परत जाताना तब्येतीच्या कागदावर सगळं ठणठणीत आहे असं लिहून सही ठोकली होती. आणि आळीला सांगितलं नाही ते यासाठी की आमच्या किनाऱ्यावर बातमी विमानाच्या आधी पोचते. त्याच्या कंपनीत निम्मी माणसं इकडचीच. इकडे नाटे गावात कोणाला शिंक आली तर तिकडे रूममध्ये कोणीतरी औषध सुचवतं.

म्हणून त्याने काय केलं, तर कोल्हापूरचे सगळे कागद फोनवर स्कॅन केले, तपासणीची सीडी मित्राच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरवर उतरवली, सगळं आपल्या क्लाउडच्या खात्यात चढवलं, आणि कागद न्हाणीच्या चुलीत घातले. घरात पाव्हणेरावळे येतात, कपाट कोणी ना कोणी उघडतं. ते सगळं फक्त बायकोला दिसेल अशी व्यवस्था केली, तीही नुसतं बघण्यापुरती. तिला ते उतरवून घेता येत नव्हतं की दुसऱ्याला देता येत नव्हतं. एवढा बंदोबस्त मी माझ्या परीक्षेच्या पेपरांचाही करत नाही.

आणि आता तो तिकडे अतिदक्षता विभागात पडला होता. पहाटे रूममध्येच कोसळला, रूममधल्या माणसाने उचलून नेला. तो माणूस नाट्याकडचा, ह्याच्या बाजूच्या खाटेवर झोपणारा. त्यालाही स्टेंटचं ठाऊक नव्हतं. भाभीने त्याला फोनवर सांगितलं, त्याने डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनी विचारलं की नळ्यांची जुनी फिल्म, ती सीडीवरची, कुठे आहे. पहिल्या वेळी कोल्हापूरला फिल्म काढताना जे औषध शिरेत सोडतात त्याने ह्याचं अंग सुजलं होतं, श्वास कोंडला होता. त्यामुळे तेच औषध पुन्हा सोडायच्या आधी त्यांना जुनं बघायचं होतं. जुन्या फिल्मवरून जेवढं कळेल तेवढं कमी औषध लागेल, असं काहीतरी तो नाट्याकडचा सांगत होता. कोल्हापूरला भाभीने फोन लावून पाहिला होता. अर्ज घेऊन स्वतः या, असं उत्तर मिळालं होतं.

"मी लिंक पाठवली ती तिकडे उघडत नाय," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा, उघडते."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की माझं डोकं आपोआप तापतं. वर्गातली पोरं प्रोजेक्टची लिंक पाठवतात, माझ्याकडे कुलूप दिसतं, आणि पोरगं शपथेवर सांगतं की मॅडम, माझ्याकडे उघडतंय. अरे, तुझ्याकडे उघडेल नाही तर काय. पण हे मी भाभीला म्हटलं नाही. मी तिच्याकडून ती लिंक माझ्या फोनवर मागवली आणि उघडून तिच्यापुढे धरली. पांढऱ्या पानावर एक कुलूप आणि इंग्रजीत एक ओळ. फाईलचं नावसुद्धा दिसत नव्हतं.

"तुमच्याकडे किल्ली आहे म्हणून तुम्हाला दार उघडं दिसतं," मी म्हटलं. "बाकी जगाला हे दिसतं. त्या डॉक्टरलाही हेच दिसत असणार."

ती त्या पानाकडे बघत राहिली. "मग सकाळपासना त्यांना हाच दिसता हाय?"

"हो."

आम्ही दोघी फटीतून तिच्या घरी गेलो. तिची ती नुसती बघण्यापुरती किल्ली हातात घेऊन काय काय करता येतं ते मी करून पाहिलं. डिस्चार्जचे कागद तिच्या फोनवर दिसत होते. त्यांचे पानापानाचे फोटो काढून मी त्या नाट्याकडच्या माणसाला पाठवले आणि ते लगेच पोचले. पण फिल्म म्हणजे बांधून ठेवलेलं एक मोठं गाठोडं होतं. ते उतरवल्याशिवाय सुटत नाही, आणि उतरवायचं बटण भाभीच्या फोनवर राखाडी होतं. वाटायचं बटणही राखाडी. मालक तो, आणि मालक बेशुद्ध.

मी त्या माणसाला फोन लावला. "त्यांचा स्वतःचा फोन कुठाय?"

"माझ्या हातातच हाय मॅडम. बंद पडला होता, आता चार्जिंगला लावून चालू केलाय. पण रेषा मागता हाय."

"बोट लावून बघितलंत?"

"नर्सला हातापाया पडून लावून घेतला. घेत नाय. रेषाच ओढा बोलता."

फोन एकदा बंद पडून सुरू झाला की आधी रेषांचा नमुना मागतो, बोट नंतर. हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं होतं. भाभीला नमुना माहीत नव्हता. "मी कधी त्यांचा फोन बघितला नाय," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला लाज वाटली, का ते मला अजून कळलेलं नाही.

"मॅडम, काळजी करू नका," तो तिकडून म्हणाला. "मी लिंक आमच्या रूमच्या ग्रुपवर पण टाकलीय. पोरा हुशार हायत. सगळे उघडून बघतायत. कोणाकडे तरी उघडल."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मदतीला धावणं हा या लोकांचा स्वभाव. कोणाच्या तरी फोनवर उघडेल म्हणून ड्युटीवरची, झोपेतली, जेवायला बसलेली माणसं सकाळपासून ते कुलूप टकटकावत होती. भाभीने मात्र मान वर केली.

"ग्रुपवर? त्याच्यात सुपरवायझर हाय ना?"

"हाय की. तोच तर सगळ्यात जास्त ट्राय करता हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात पडवीतून टिंग असा आवाज आला.

पडवीत तिची सासू सूप पुढ्यात घेऊन सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. मुलाला हॉस्पिटलात नेलंय एवढंच तिला सांगितलं होतं, ताप म्हणून. आळीत तिला सगळे अम्मा म्हणतात. तिने ओढणीला हात पुसला, बाजूचा फोन उचलला, पडद्यावर बोट ठेवलं, काहीतरी सफाईने बाजूला सारलं आणि फोन पुन्हा पालथा ठेवला.

"अम्मा, काय आलं?" मी सहज विचारलं.

"काय नाय गो बाय. इंग्रजी. सकाळपासना वाजता हाय."

मी तिच्याजवळ बसले आणि फोन हातात घेतला. त्याला कुलूप नव्हतं. वरच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ होतं आणि त्या वर्तुळात तिच्या मुलाचा फोटो, तिकडच्या समुद्राकडे पाठ करून काढलेला.

मला सगळं एकदम समजलं. दर सुट्टीला तो आईला नवा फोन आणतो. अम्माचं स्वतःचं खातं नाही. नवं खातं काढायचं तर जन्मतारीख लागते, आणि अम्माची जन्मतारीख घरात कोणाला धड ठाऊक नाही. मग फोन चालू व्हावा म्हणून तो आपलंच खातं घालून देतो. आमच्या आळीत निम्म्या घरांत असंच आहे. मुलगा तिकडे आणि मुलाचं अख्खं खातं इकडे आईच्या उशाशी. बायकोला नुसतं बघण्यापुरती किल्ली देणाऱ्या या शहाण्याने मालकीची किल्ली पडवीत सुपाशेजारी ठेवली होती, आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईला फोनवरून कोणीतरी फसवलं होतं. तेव्हापासून त्याने आईला बजावून ठेवलं होतं की इंग्रजीत काही आलं तर वाचायचं नाही, दाबायचं नाही, बाजूला सारायचं. अम्मा मुलाचं ऐकते. तिने सकाळपासून आलेलं प्रत्येक इंग्रजी बाजूला सारलं होतं.

मी मेलचा डबा उघडला. अमुक व्यक्ती ही फाईल बघण्याची परवानगी मागत आहे. पहिली मागणी त्या नाट्याकडच्या माणसाची. मग एका नर्सची. मग पुन्हा नर्सची, खाली दोन शब्द लिहून की कृपया, तातडीचं आहे. मग रूममधल्या कोणाकोणाच्या. भाभी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिला इंग्रजी वाचता येतं, बारावी झालेली आहे. नर्सच्या दुसऱ्या मेलपाशी तिने माझा खांदा धरला, आणि ती पकड मला नंतर बराच वेळ जाणवत राहिली.

"काय गो ता?" अम्माने विचारलं. "कोणाचा?"

"जाहिराती," भाभी म्हणाली. "साडीच्या."

अम्माने पुन्हा सुपात हात घातला. आम्ही फोन घेऊन आत आलो.

मी आधी नर्सला परवानगी दिली. तिकडून निरोप आला की ती नर्स ड्युटी संपवून घरी गेली. नाट्याकडच्या माणसाला दिली, तर त्याच्या फोनमध्ये एवढं गाठोडं मावेना, आणि मावलं असतं तरी डॉक्टरांच्या मशीनला बाहेरचा फोन जोडायला बंदी होती. ते मशीन इंटरनेटवर होतं, पण त्याच्यावर कोणाचंच खातं नव्हतं आणि तिथे कोणाला आपलं खातं उघडायची मुभा नव्हती. म्हणजे एकच उपाय उरला. फाईल अशी ठेवायची की खातं असो नसो, ज्याच्या हातात लिंक आहे त्या कोणालाही ती उघडता यावी.

आणि लिंक सुपरवायझरच्या हातात होती.

मी फाईलची दुसरी प्रत काढून तिची वेगळी लिंक करायला गेले. तर खात्यात जागा शिल्लक नव्हती. अम्माला रोज सकाळी येणारी गुलाबाची फुलं, दुवा, कोणाच्या तरी नातवाचे नाचाचे व्हिडिओ, सगळं त्याच खात्यात जाऊन बसलं होतं. मी हाताला लागले ते व्हिडिओ धडाधड पुसले, कचराही रिकामा केला. जागा तरीही भरलेलीच दिसत होती. हे हिशोब त्या यंत्राकडे सावकाश पोचतात. माझं स्वतःचं खातंही पोरांच्या प्रोजेक्टांनी काठोकाठ भरलेलं होतं. मी पुसत होते आणि तिकडून तो माणूस फोनवर विचारत होता की मॅडम, काय झाला, डॉक्टर पुन्हा विचारून गेला.

मी फोन खाली ठेवला आणि भाभीला सरळ सांगितलं. "मी आत्ता ही फाईल उघडी करू शकते. एका बोटाचं काम आहे. पण डॉक्टरला उघडेल तशी ग्रुपवर सगळ्यांनाही उघडेल. वरचं नाव बदललं तरी आतल्या यादीत त्यांचं नाव आहे, तपासणीचं नाव आहे, मागच्या सुट्टीची तारीख आहे. आत्ता कुलूप आहे म्हणून यातलं काही दिसत नाही. मी लगेच पुन्हा बंद करीन, पण मधल्या वेळात कोणी बघितलं तर माझ्या हातात काही नाही."

ती चुलीपुढच्या पाटावर बसली. घावण्यांचं पीठ अर्धवट कालवलेलं तसंच होतं. "ह्यावेळचं दुखणं कंपनीला कळणारच," ती म्हणाली. तिची भाषा अचानक माझ्यासारखी झाली, शाळेतल्यासारखी. "ते चालेल. आजारी कोणी पण पडतो. खाली यार्डात काम देतात, असे आहेत तिकडे दोघेतिघे. पण आधीचं लपवलं ते कळलं तर ठेवणार नाहीत. आणि परत कुठे घेणार नाहीत. त्यांनी मला कुराणावर हात ठेवून सांगायला लावलं होतं की कोणाला बोलणार नाय."

मला त्या माणसाचा संताप आला होता, हे मी लपवत नाही. असलं हृदय घेऊन हा क्रेनच्या टोकाला बसत होता, खाली माणसं चालत होती, आणि वर बायकोला शपथेत अडकवून गेला होता. पण तो संताप त्या स्वयंपाकघरात काढायचा कोणावर? माझं बोट त्या बटणावर होतं आणि ते दाबायचा अधिकार माझा नव्हता.

"अम्मांना विचारायचं का?" मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. मग उठली, हात धुतले, ओढणी डोक्यावर नीट घेतली. "उघडा."

मी दाबलं. पडद्यावर एक चक्र फिरलं, फिरत राहिलं आणि थांबलं. बदल झाला असं वाटलं. पण मी माझ्या फोनवर, माझं खातं बाजूला ठेवून, परक्या माणसासारखी लिंक उघडून पाहिली. कुलूप तसंच होतं. अम्माच्या फोनला त्या खोलीत रेंजच नव्हती. बदल फोनपुरताच झाला होता, वर पोचलाच नव्हता.

"मागच्या पायरीवर येते रेंज," भाभी म्हणाली, आणि आम्ही तिथे धावलो. विहिरीकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांपैकी सगळ्यात खालच्या पायरीवर भाभी मला एकटीला सोडून गेली असती तर मी पडले असते, इतकी ती पायरी निसरडी. तिने माझा दंड धरला. मी पुन्हा दाबलं. लिंक असलेला कोणीही. पुन्हा चक्र. पुन्हा माझ्या फोनवर परक्यासारखी उघडली, आणि या वेळी कुलूप गेलं होतं. त्या माणसाचं पूर्ण नाव, तपासणी, तारीख, सगळं माझ्या फोनवर आलं, जणू मी त्याची कोणी लागत होते.

"सांगा त्यांना," मी म्हटलं. "आत्ता. लगेच उतरवून घ्या म्हणावं."

भाभीने फोन स्पीकरवर ठेवला. तिकडे धावपळ ऐकू आली, कोणीतरी परक्या भाषेत बोललं, मग तो माणूस म्हणाला, "उघडली. उघडली भाभी. उतरता हाय."

आम्ही पायरीवर उभ्या होतो. मशिदीतून माणसं परतायला लागली होती, पलीकडच्या वाटेवर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तिकडे फाईल उतरत होती आणि मी त्या बटणावर बोट ठेवून थांबले होते, उतरली की बंद करायला. अर्ध्यावर बंद केलं तर सगळं फुकट. मी किती वेळ तशी उभी होते ते सांगता येणार नाही. माझा हात दुखायला लागला होता एवढं आठवतं.

मग फोनवर त्या माणसाकडे पाठोपाठ आवाज वाजले. ग्रुपचे.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाभी," तो हळू आवाजात म्हणाला, "ग्रुपवर लिवलाय कोणतरी. ओपन झाली म्हणून. स्क्रीनचा फोटो काढून टाकलाय, सगळ्यांना कळावा म्हणून." मग जरा थांबून, "त्याच्यावर मागची तारीख हाय भाभी. सुपरवायझर विचारता हाय, ही तारीख कसली."

ज्याने तो फोटो टाकला त्याने आनंदाने टाकला असणार. सकाळपासून खटपट करून एकदाची उघडली. त्याला कोण काय बोलणार?

भाभीचा चेहरा मी बघितला. तिथे काहीच हललं नाही.

"ती राहू दे तारीख," ती म्हणाली. "फाईल उतरली काय ती बघ."

तो गेला. परत आला. "उतरली. डॉक्टर बघतायत."

मी फाईल बंद केली. परक्यासारखी उघडून खात्री केली, कुलूप आलं होतं. शिकवताना मी पोरांना नेहमी सांगते की काम झालं की उघडी ठेवू नका, बंद करा. मी अगदी नियमाप्रमाणे बंद केली, आणि त्याचा आता कोणाला काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी मगरिबच्या अजानीनंतर त्या माणसाचा फोन आला. या वेळी दुसरी नळी अडली होती, जुनी नव्हे. जुनी फिल्म शेजारी धरल्यामुळे ते चटकन कळलं, थोडक्या औषधात भागलं, आणि तो शुद्धीवर आला होता. भाभीने हे ऐकून फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. अम्मा मला म्हणाली, "ताप उतरला ना बाय?" मी म्हटलं, "उतरला."

बाकीचं झालं ते भाभी म्हणाली होती तसंच. कंपनीने बरा होईपर्यंत ठेवला, मग परत पाठवला. परत कधी घेणार नाहीत असा शेरा मारून. तो आला तेव्हा आळीत खजूर वाटले गेले नाहीत. मी भेटायला गेले. तो पडवीत खुर्चीवर बसला होता, बारीक झाला होता, दाढी पांढरी दिसत होती. मला "बसा" म्हणाला. थोड्या वेळाने गडग्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी थांबायचा होता."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं आणि ते बरंच लांब होतं. त्यात क्रेन होती, शपथ होती, त्या निसरड्या पायऱ्या होत्या. भाभी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती, म्हणून मी ते गिळलं. पाणी प्यायले आणि घरी आले.

तो भाभीशी बोलत नाही. आईशी बोलतो, मित्रांशी बोलतो, तिच्याशी नाही. हे मला आळीतून कळलं, कारण आमच्या आळीत आता त्यांच्याबद्दल सगळंच कळतं. परवा ती माझा डबा परत द्यायला आली, पुढच्या दाराने, हाक मारून. मी तिला बसवलं आणि न राहवून विचारलं, "अजून बोलत नाहीत?"

"नाय."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "लग्न झाल्यापासना फोनवर बोलतच होते ना, मॅडम. बोलणा भरपूर झाला," ती म्हणाली. "आता समोर बसून जेवतात. जेवून झाला की ताट तसाच टाकून उठतात. ता उचलायला मला बरा वाटता."